होरस, येशू आणि खामगावच्या बैठका

खामगावात आमचं एक लहानसं वाचक मंडळ आहे. निवृत्त शिक्षक, एक-दोन वकील, कृषी खात्यात आयुष्य काढलेले एक साहेब, कॉलेजात जाणारी काही मुलं आणि एक निवृत्त पाळकसाहेब. वऱ्हाडात ख्रिस्ती समाज संख्येने थोडा, पण जुना. अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेने १९व्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या पट्ट्यात कामाला सुरुवात केली. त्या काळापासूनची घराणी इथे नांदताहेत. नाताळ जवळ आला की आमच्यातलं कुणी तरी मोबाइलवर एक व्हिडिओ घेऊन येतं. ‘‘सर, हे पाहा न जी, येशूची सगळी गोष्ट इजिप्तच्या होरस देवाची हाये.’’ पाळकसाहेब समोरच बसलेले असतात. मग चहा होतो, वाद होतो, आणि उठायला रात्र होते.

मी इतिहास शिकवला. एका धर्माने दुसऱ्याचं घेतलं का, हा प्रश्न मला आवडतो आणि तो विचारायलाच हवा असं मी मानतो. पण तो किती सैलपणे विचारला जातो आणि शेजारी बसलेला माणूस त्याने किती दुखावतो, हेही मी पाहिलं आहे. या बैठकांतून जे हाती लागलं, ते लिहितो.

१. यादी ऐकण्याआधी मूळ कथा वाचावी.

व्हिडिओतली कलमं ठरलेली असतात. होरस २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मला, त्याला १२ शिष्य होते, त्याला क्रुसावर चढवलं, तिसऱ्या दिवशी तो उठला. यातलं कुठलं कलम इजिप्तच्या लेखांत आहे, हे आम्ही एका बैठकीत एकेक करून पाहिलं.

इजिप्तची कथा सलग सांगितलेली अशी सापडते ती प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. सेतने आपल्या भावाला, म्हणजे होरसच्या बापाला, ओसिरिसला, पेटीत कोंडून नाईल नदीत सोडलं. पुढे त्याच्या देहाचे १४ तुकडे करून चहूकडे फेकले. पत्नी इसिसने ते हिंडून गोळा केले. पुरुषाचं इंद्रिय तेवढं माशांनी खाल्लं होतं, तेव्हा तिने त्याची प्रतिकृती केली. अबायडॉसला सेती पहिल्याचं मंदिर आहे. तिथे घारीच्या रूपात पतीच्या देहावर उतरलेली इसिस कोरलेली आहे. होरसची गर्भधारणा दाखवणारं हे शिल्प. मेलेल्या पतीपासून का होईना, पण हे पतीपासूनच झालेलं मूल आहे. याला कुमारीचं बाळंतपण म्हणता येत नाही.

१२ शिष्यांचा पत्ता नाही. होरसला चार पुत्र मात्र आहेत. ममी करताना काढलेलं यकृत, आतडी ज्या बरण्यांत ठेवत, त्यांच्या झाकणांवर पुढच्या काळात या चौघांची डोकी घडवलेली दिसतात. क्रूस कुठेच नाही. ओसिरिस पुन्हा जिवंत होतो हे खरं, पण तो मृतांच्या लोकाचा राजा होतो आणि तिथेच राहतो. आपल्या माणसांत येऊन त्यांच्याबरोबर जेवत नाही.

तारखेचं काय? इथे न्यायाने सांगायला हवं की प्लुटार्कने इसिसच्या एका बाळाचा, हार्पोक्रेटिसचा, जन्म हिवाळ्यातल्या अयनाच्या सुमारास झाल्याचं लिहिलं आहे. म्हणजे यादीतल्या एका कलमाला थोडा आधार निघाला. पण शुभवर्तमानांत येशूची जन्मतारीख दिलेलीच नाही. २५ डिसेंबरची रोममधली जुनी नोंद ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहातली; तिच्यातला मजकूर ३३६ सालापर्यंत मागे नेता येतो. खुद्द इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती आजही ७ जानेवारीला नाताळ करतात. तारीख कुठूनही आलेली असो, मत्तय आणि लूक यांच्या कथा तिच्या कितीतरी आधी लिहून झाल्या होत्या.

२. दावा प्रथम कुणी केला, ते विचारावं.

ही यादी इजिप्तच्या अभ्यासकांनी केलेली नाही. तिचा मोठा भाग जेराल्ड मॅसी या इंग्रज कवीपर्यंत जातो. शाळा फारशी न शिकता स्वतःच्या बळावर वाढलेला हा माणूस. त्याच्याबद्दल मला आदर आहे. १९०७ साली त्याचा इजिप्तवरचा शेवटचा जाडजूड ग्रंथ निघाला. लक्सरच्या मंदिरात राजा आमेनहोतेप तिसरा याच्या जन्माची चित्रमालिका आहे. तिच्यात मॅसीला देवदूताचा निरोप, कुमारीची गर्भधारणा, बाळाची पूजा असं सगळं दिसलं. पण त्याच भिंतीवर आमुन देव आणि राणी मुतेमविया शय्येवर एकत्र बसलेले आहेत, आणि देव तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन आला असं शेजारी लिहिलेलं आहे. चित्र अर्धंच पाहिलं की काहीही दिसतं. मॅसीचं म्हणणं पुढे आल्विन बॉइड कून या थिऑसॉफिस्टाने उचललं, त्याच्यावरून २००४ साली टॉम हार्परने पुस्तक केलं, आणि २००७च्या ‘झाइटगाइस्ट’ या फिल्मने या जातीच्या याद्या जगभर पोचवल्या. आमच्या मुलांच्या मोबाइलवर जे येतं, ते तिथून पाझरत आलेलं.

महाराष्ट्रात ही हवा त्याच्याही आधी आली होती. मादाम ब्लॅव्हॅट्स्की यांचं इसिसच्या नावाचं दोन खंडी पुस्तक १८७७ साली न्यूयॉर्कला निघालं, आणि फेब्रुवारी १८७९मध्ये त्या मुंबईत उतरल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईहून सुरू झालं. पुढे थिऑसॉफीचं ठाणं मद्रासजवळ अड्यारला गेलं, पण सर्व धर्मांच्या मागे एकच गुप्त प्राचीन विद्या आहे आणि तिचं एक माहेर इजिप्त आहे, ही कल्पना आपल्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींत रुजून गेली.

त्याहून जुना धागा पाळकसाहेबांनीच दाखवला. इसवी सन १७८च्या सुमारास सेल्सस नावाच्या ग्रीक पंडिताने लिहिलं होतं की येशू मजुरीसाठी इजिप्तला गेला, तिथे जादूटोणा शिकला आणि परत येऊन देव म्हणवू लागला. त्याचं पुस्तक आज उरलेलं नाही. आपल्याला ते कळतं, कारण अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने सुमारे २४८ साली त्याला उत्तर लिहिताना त्याचे उतारेच्या उतारे दिले. विरोधकाचं म्हणणं पुसून न टाकता शब्दशः मांडून मग खोडायचं, ही ओरिजेनची रीत मला फार मोठी वाटते.

३. आकार सारखा म्हणजे कारण सारखं असं नाही. हे आम्हाला लोणारने शिकवावं.

लोणारचं सरोवर आमच्याच जिल्ह्यात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर, बेसाल्टच्या खडकात. पूर्वी कित्येक जाणते त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणत, आणि ते साहजिक होतं. गोल खड्डा, कडेला उंचवटा, भोवती सगळा ज्वालामुखीचाच दगड. निकाल लागला तो खड्ड्याचा गोलवा पाहून लागला नाही. तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. प्रचंड धक्क्याच्या दाबाखालीच ती बनते. ज्वालामुखीच्या उष्णतेने बनत नाही. १९७३ साली ते प्रसिद्ध झालं आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली.

धर्मकथांच्या बाबतीत मी मुलांना हेच विचारतो, तुझी काच कुठे आहे? मरून उठणारा देव, अद्भुत जन्म, बाळाच्या जिवावर उठलेला राजा, हा सगळा गोलवा झाला. आकाश, पीक, बाळंतपण, मरण हे सगळ्या माणसांना सारखंच भेटतं, तेव्हा कथा एकमेकींसारख्या दिसणारच. उसनवारी म्हणायची तर तीन गोष्टी हव्यात. मूळ म्हणवणारी गोष्ट कालाने आधीची हवी. ती इथून तिथे पोचल्याची वाट दाखवता यायला हवी. आणि दोन्हींत असं काही तरी विशेष जुळायला हवं, जे आपोआप सुचण्यासारखं नाही.

४. गुप्त विद्येचा ग्रंथ जितका प्राचीन म्हणून सांगितला जातो, तितकी त्याची भाषा तपासावी.

फ्लॉरेन्समध्ये १४६३ साली मार्सिलिओ फिचिनोने हर्मीस त्रिस्मेजिस्टसच्या नावावरचे ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. हा हर्मीस म्हणजे मोशेच्या काळचा इजिप्शियन ऋषी, त्याने ख्रिस्ताची चाहूल आधीच दिली होती, असं युरोपातले मोठमोठे विद्वान दीडशे वर्षं मानत होते. १६१४ साली आयझॅक कॅसोबॉनने त्या ग्रंथांची ग्रीक भाषा तपासली आणि ते इसवी सनानंतरच्या शतकांतले आहेत हे दाखवून दिलं. उगम म्हणून ज्याकडे बोट दाखवत होते, तो ओढा खालच्या अंगाचा निघाला. पॅरिसमध्ये जपून ठेवलेल्या, इजिप्तमधल्या चौथ्या शतकाच्या एका मंत्रपोथीत तर भूत उतरवण्यासाठी ‘हिब्रूंचा देव’ म्हणून येशूचंच नाव घातलेलं आहे. मांत्रिकांनी ख्रिस्ती नाव उचललं, असा हा उलटा प्रवास.

५. खरी उसनवारी सापडली तर ती मोकळेपणाने मान्य करावी.

बैठकीतली मला सर्वांत आवडलेली संध्याकाळ यावरची. इजिप्तमध्ये आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मुलाला केलेल्या उपदेशाचा एक पपायरस ब्रिटिश म्युझियमकडे आहे. वॉलिस बज यांनी १९२३ साली तो प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी आडॉल्फ एर्मान या जर्मन विद्वानाने दाखवलं की बायबलातल्या नीतिसूत्रांच्या २२व्या अध्यायाच्या १७व्या वचनापासून पुढे आमेनेमोपेचा उपदेश ठायी ठायी ऐकू येतो. इजिप्शियन ग्रंथ कालाने आधीचा. त्याचे अध्याय ३०, आणि नीतिसूत्रांतही तिथे तीस वचनांचा उल्लेख असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. गरिबाला लुबाडू नकोस, तापट माणसाशी संगत करू नकोस, मोठ्या माणसाच्या पंगतीत जपून बस, संपत्ती पंख फुटून उडून जाते, असे विषय एकापाठोपाठ जुळतात. ही झाली काच.

पाळकसाहेबांनी आपलं पवित्र शास्त्र उघडून तो अध्याय मोठ्याने वाचला, आणि मी आमेनेमोपेचा सारांश सांगत गेलो. शेताची जुनी हद्द सरकवू नकोस, विधवेच्या वावराची तर नकोच, इथे आलो तेव्हा कृषी खात्यातले साहेब खुर्चीत पुढे सरकले. ‘‘अहो, हा तर आपला धुरा झाला!’’ धुरा कोरून वितभर जमीन आपल्याकडे ओढण्याचे तंटे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. एवढ्याशा पट्ट्यावरून सख्ख्या भावांत पिढीजात अबोला असलेली गावं आमच्या तालुक्यात आहेत. नाईलच्या काठी दरवर्षी पूर येऊन बांध वाहून जात, जमीन पुन्हा मोजावी लागे. तिथे हा उपदेश किती जिवाचा असेल हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

एका मुलाने विचारलं, ‘‘मग पाळकसाहेब, तुम्हाला वाईट नाही वाटत?’’ ते म्हणाले, ‘‘देवाने शहाणपण फक्त आमच्याच घरी ठेवलं असतं तर वाईट वाटलं असतं.’’ शलमोन राजाच्या दरबारी परदेशची माणसं येत-जात होती, हे त्यांच्या शास्त्रातच लिहिलं आहे, आणि इजिप्तच्या शहाणपणाचं नावही तिथेच घेतलं आहे, हे त्यांनी वर सांगितलं.

६. कथा आणि चित्र यांची वाट वेगवेगळी असू शकते.

बाळाला पाजणारी इसिस आणि बाळाला पाजणारी मरिया, या मूर्ती-चित्रांतलं नातं मी मानतो. इजिप्तच्या ख्रिस्ती मठांत अशी चित्रं आहेत, आणि त्यांच्या कारागिरांच्या डोळ्यांसमोर इसिसच्या मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या होत्या. फायलीच्या बेटावरचं इसिसचं देऊळ सम्राट जस्टिनियनच्या काळात, सहाव्या शतकात, बंद झालं आणि तिथे ख्रिस्ती उपासना सुरू झाली. खांबांवर कोरलेले क्रूस अजून दिसतात. जीवनाचं चिन्ह म्हणून इजिप्तमध्ये चालत आलेला, वर फासा असलेला आंख कॉप्टिक ख्रिस्त्यांनी क्रूस म्हणून घेतला. संन्यस्त राहण्याची रीत अंतोनी आणि पाखोमियस यांनी इजिप्तच्या वाळवंटात घडवली आणि तिथून ती सगळ्या ख्रिस्ती जगात गेली. एवढं सगळं इजिप्तचं आहे. पण पहिल्या शतकात पॅलेस्टाइनमधल्या एका यहुदी सुतारावर रोमन सुभेदाराने मरणदंडाची शिक्षा बजावली, या घटनेचा इसिसच्या मूर्तीशी काही संबंध लागत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने या सुभेदाराच्या, पिलाताच्या, हातून झालेल्या त्या शिक्षेची नोंद केली आहे, आणि तो ख्रिस्त्यांचा मित्र नव्हता.

७. तेच माप आपल्या घरी लावावं.

इथे बैठक तापते, आणि तापायलाच हवी. कारण हाच वाद आपल्यावर येऊन गेला आहे. १८६९ साली फ्रान्झ लॉरिन्सर या जर्मन पंडिताने गीतेचं भाषांतर केलं आणि गीतेतली वचनं नव्या करारातून घेतली आहेत असं शेजारी-शेजारी मांडून दाखवलं. साम्याची यादी तिथेही लांबलचक होती. तिला उत्तर दिलं काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी, १८७५ साली, वयाच्या २५व्या वर्षी. गीतेच्या आपल्या इंग्रजी पद्यानुवादाला जोडलेल्या निबंधात त्यांनी कालक्रम तपासला, एकेक जोडी घेऊन तो विचार उपनिषदांत आधीपासून आहे हे दाखवलं, कुठेही आवाज चढवला नाही. होरसच्या यादीला उत्तर देताना मी पाळकसाहेबांच्या बाजूने जे बोलतो, ते मला तेलंगांनी शिकवलं आहे.

लोकमान्यांनी १९१५ साली आलेल्या ‘गीतारहस्या’च्या परिशिष्टात हाच प्रश्न उलटा फिरवला. नव्या करारातले भक्तीचे, वैराग्याचे, अहिंसेचे विचार बौद्ध धर्मामार्फत इथून तिकडे गेले असावेत, असा त्यांचा कल. आमच्या भागात या ग्रंथाला आणखी एक जिव्हाळा आहे. मंडालेला जाण्याआधी शेगावहून गजानन महाराजांनी टिळकांना भाकरीचा प्रसाद पाठवला आणि त्यांच्या हातून मोठं काम होणार असं सांगितलं, ही कथा दासगणूंच्या ‘गजानन विजय’मध्ये आहे आणि पारायण करणाऱ्या घराघरांत माहीत आहे. म्हणून त्या परिशिष्टाबद्दल बोलताना इथे माणसं हळवी होतात. मीही होतो. तरी मी म्हणतो की टिळकांनी वाट दाखवली, माल दाखवला नाही. वाट होतीच. अशोकाच्या १३व्या शिलालेखात इजिप्तच्या टॉलेमीचं नाव आहे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने बुद्धाचा उल्लेख केला आहे. पण एखादं वचन या वाटेने गेलं असं दाखवणारी काच अजून हाती नाही. बुद्धचरित्राची एक कथा मात्र खरोखर गेली. मध्य आशियातून अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असे मुक्काम करत बोधिसत्त्व तिकडे ‘जोसाफाट’ नावाचा ख्रिस्ती संत झाला आणि त्याचा २७ नोव्हेंबर हा सणाचा दिवसही ठरला. तिथे मधल्या प्रत्येक मुक्कामाच्या पोथ्या आहेत. उसनवारी सिद्ध होते ती अशी.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९१३ साली उलट दिशेने गेले. बाळकृष्णाच्या कथा आभीरांनी आणल्या असाव्यात, आणि त्यात ख्रिस्ताच्या नावाचाही अंश असू शकेल, असं त्यांनी लिहिलं. मला ते पटत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, ख्रिस्ताच्या आधी कोरलेल्या लेखात, संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे. पण नाणेघाटात गोकुळातला बाळ नाही, वासुदेव आहे, हे भांडारकरांच्या बाजूने सांगायलाच हवं. बाबाराव सावरकरांनी ‘ख्रिस्त-परिचय’ लिहून येशू मुळात तमिळ हिंदू होता असं मांडलं, ते मी मंडळात वाचायला ठेवतो, आणि तीनच प्रश्न विचारतो: काळ, वाट, काच.

८. भूत उतरवणं हे कुणाकडून घेतलं?

‘जादूटोण्यातून ख्रिस्ती धर्म निघाला’ असं म्हणणाऱ्याला मी होळीच्या सुमारास सैलानीला चल म्हणतो. पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा. यात्रेला हिंदू-मुसलमान सगळे येतात, नारळांची होळी पेटते, आणि ‘बाहेरचं’ लागलेल्या माणसांना नातेवाईक दुरून दुरून घेऊन येतात. मोकळे केस सोडून घुमणारी बाई, तिच्या तोंडून वेगळ्याच आवाजात बोलणारं कुणी तरी, ‘तू कोण, कुठली’ म्हणून विचारणारे लोक. मार्कच्या शुभवर्तमानात येशू अशुद्ध आत्म्याला नाव विचारतो, तो प्रसंग तिथे उभं राहून आठवला तर अंगावर काटा येतो. सैलानीने गालीलाकडून घेतलं नाही, गालीलाने इजिप्तकडून घेतलं असं म्हणायला पुरावा नाही. दुःख जिथे औषधाला बधत नाही, तिथे माणूस असं बोलू लागतो. त्या बाईला आधी मानसोपचाराचा डॉक्टर भेटावा असं मला कळकळीने वाटतं, आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा व्हायलाच हवा होता. पण हा प्रश्न उगमाच्या शोधापेक्षा वेगळा आहे, त्यात तो मिसळू नये. इफिसमध्ये ख्रिस्ती झालेल्यांनी आपल्या मंत्राच्या पोथ्या चव्हाट्यावर आणून जाळल्या, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे. किंमत ५० हजार रुप्याची नाणी. जादूशी त्या पंथाचं नातं पहिल्यापासून ताणाचं होतं.

९. ज्याच्या श्रद्धेबद्दल बोलतो आहोत, तो माणूस खोलीत असावा.

तो नसला की सगळं सोपं होतं आणि सगळं चुकतं. पाळकसाहेब आल्यापासून आमच्या बैठकीत ‘चोरलं’ हा शब्द कुणी वापरत नाही. त्यांच्या उपासनेत टिळकांची, म्हणजे नारायण वामन टिळकांची, भजनं टाळ-पेटीवर म्हणतात. ओवीतून ख्रिस्त सांगण्याची वाट त्याच्याही आधी फादर स्टीफन्सने गोव्यात १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ने पाडली होती. ही उसनवारी उघड, तारीखवार आणि प्रेमाची आहे. तिचा कुणाला त्रास झालेला मी पाहिला नाही.

होरसचा व्हिडिओ आणणाऱ्या मुलाने आता प्लुटार्कचं भाषांतर मिळवलं आहे. पुढच्या बैठकीत हार्पोक्रेटिसच्या जन्मदिवसाचं कलम तो पुन्हा उघडणार आहे, कारण त्याच्या मते मी त्याला फार लवकर निकालात काढलं. पाळकसाहेब त्या दिवशी तेलंगांचा निबंध घेऊन येणार आहेत.